कमुरत्यातली रूथबेन

कमुरता लागला की माझा कॅमेरा कपाटात जातो आणि मी बायकोच्या पायात येतो. आपण ज्याला धनुर्मास म्हणतो त्यालाच इथे सुरतेत कमुरता म्हणतात. उत्तरायणापर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, लग्न नाही, साखरपुडा नाही, वास्तुशांत नाही. लग्नाच्या शूटिंगवर ज्याचं पोट, त्याने या दिवसांत काय करावं हे कुठल्याच शास्त्रात सांगितलेलं नाही. मी उधन्यातल्या स्टुडिओचं शटर उघडतो, लेन्स पुसतो, पुसलेली लेन्स पुन्हा पुसतो आणि दुपारी घरी येऊन सुरेखाला भाजी कशी चिरावी ते समजावतो.

"तुमचा कमुरता कधी संपतो हो?" सुरेखा विचारते. "माझाही त्याच्याबरोबरच संपेल."

बाहेर रस्त्याच्या कडेला दोन खांबांमध्ये पतंगाचा पांढरा दोरा ताणलेला असतो आणि माणसं गुलाबी रंगाचा, काचेच्या पुडीचा गोळा मुठीत धरून त्याच्या कडेकडेने चालत असतात. त्यांची बोटं कापडाच्या चिंध्यांनी गुंडाळलेली. तापीच्या बाजूला पोंकाच्या हातगाड्या लागतात. पोंक म्हणजे आपला हुरडाच. पण लिंबू आणि मिऱ्याची शेव घालून सुरतेने त्याला आपलं नाव दिलं, आणि आमच्यासारखी खानदेशातून आलेली माणसं दोन पिढ्यांनंतरही तो खाताना म्हणतात, "आपल्या शेतातल्यासारखा नाही." शेत आता कोणाचंच नाही. तरी म्हणतात.

आणि या दिवसांत उधन्याच्या चौकात एक बाई स्कूटरवाल्यांना अडवते. हातात गॉजची घडी. "थांब. मान दाखव." माणूस घाबरून थांबतो. बाई त्याच्या गळ्याभोवती पट्टी गुंडाळते, मागे गाठ मारते आणि सांगते, "मांज्याने कापल्यावर आम्ही शिवतो, पण गळा काही आधीसारखा होत नाही. जा आता." त्या वत्सला सिस्टर. सरकारी दवाखान्यातून त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. ही बातमी त्यांच्यापर्यंत अजून पोहोचलेली नाही.

माझ्या गळ्याला त्यांनी पहिल्यांदा पट्टी बांधली तेव्हा मी चालत होतो. स्कूटर नव्हतीच. ते सांगितलं तर म्हणाल्या, "बांधलीय ना आता? राहू दे." मी तसाच घरी गेलो आणि सुरेखाने दारातच बोंब ठोकली.

सिस्टरांच्या घरात बसायला जागा शोधावी लागते. खुर्चीत जुन्या नर्सांच्या टोप्यांची पेटी, दिवाणावर कमरपट्ट्यांची बकलं, खिडकीत वाटाण्याच्या शेंगेच्या आकाराच्या इनॅमलच्या थाळ्या. भिंतभर फोटो. दवाखान्यांचे जुने ग्रूप फोटो. पुढच्या खुर्च्यांवर डॉक्टर, दानशूर शेठ, त्यांचे जावई, आणि मागे उभ्या पांढऱ्या साड्यांच्या दोन रांगा. खाली पुढच्या रांगेतल्या सगळ्यांची नावं, जावयाचंसुद्धा, आणि शेवटी 'व परिचारिका वर्ग'. सिस्टरांचं सगळं आयुष्य त्या 'व'च्या मागे लागण्यात चाललंय. कुठे म्हातारी नर्स हयात आहे असं कळलं की त्या फोटो घेऊन पोहोचतात. बोट ठेवतात. "ही कोण?" नाव कळलं की पुढची. "आणि ही?"

मी एकदा ताप अंगावर काढून शेवटी इंजेक्शन घ्यायला गेलो, तेव्हा सिस्टर योगायोगाने त्याच दवाखान्यात. मी पोटावर पालथा, पँट सैल, नर्सच्या हातात सुई, आणि सिस्टर पडद्याआड येऊन तिला विचारतायत, "पूर्ण नाव सांग बेटा. वडिलांचं नको, तुझं. ट्रेनिंग कुठे झालं? तुला शिकवायला कोण होतं?" ती पोर बिचारी आठवून आठवून सांगत होती. मी म्हटलं, "सिस्टर, माझं काय?" तर म्हणाल्या, "तू कुठे पळून चाललाय?"

तर असा एक कमुरता. स्टुडिओत मी लेन्स पुसत होतो. सिस्टर आत आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "काय करी ऱ्हायना भाऊ? रिकामा शे ना?" अहिराणी त्या हुकूम करायचा असला की बोलतात. मी खूप काम असल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. विषय तिथेच संपला.

काम असं होतं. आमच्या स्टुडिओच्या वर नामदेव राहतो, शिरपूरकडचा. पॉवरलूमवर कारागीर. आमच्याकडची पाळी सात ते सात. माग थांबत नाही, चालत्या मागासमोरचा माणूस बदलतो. नामदेवचं बोट मागात आलं. फार काही नव्हतं म्हणे, घरीच हळद दाबली, चिंधी बांधली. आरोग्य केंद्र पाचला बंद. खातं, म्हणजे मागांचा कारखाना, सुटणार सातला. सुट्टी मागितली तर त्याच्या मागावर दुसरा उभा राहणार आणि नंतर तोच उभा राहणार. नामदेव आज जातो, उद्या जातो करत राहिला. शेवटी गेला तेव्हा डॉक्टरांनी बोटाचं वरचं पेर काढलं.

सिस्टरांनी ते बोट पाहिलं आणि वॉर्ड ऑफिस गाठलं. मागणी एवढीच: आरोग्य केंद्रातली मागची खोली संध्याकाळी पाळी सुटताना उघडा, एक नर्स बसवा, ड्रेसिंग करा. साहेब म्हणाले, अशी सोय कधीच नव्हती. नवीन मागणी आहे. नवीन मागणी वर पाठवावी लागते. वर म्हणजे कुठे, हे साहेबांनी बोट वर करून दाखवलं. तिथे पंखा होता.

"पण सोय होती," सिस्टर मला सांगत होत्या. "याच खोलीत होती. मी नवीन नोकरीला लागले तेव्हा रूथबेन रोज संध्याकाळी यायची. कागद म्हणशील तर पुराच्या पाण्यात गेले. रूथबेन आहे. चलथाणला भाच्याकडे राहते. तू तिचं बोलणं उतरवून घे. साहेबाला मी कागद नाही, माणूस दाखवते."

मी विचारलं, "किती वेळाचं करायचं?"

"तिला श्वास पुरेल तेवढं."

चलथाणला साखर कारखान्याचा हंगाम होता. हवेत उसाच्या रसाचा उकळता वास, रस्त्यावर सांडलेली चिपाडं, बैलगाड्या, आणि गाड्यांच्या मागे आमच्याच भागातून आलेली तोडणीची माणसं. मी कॅमेरा, दोन लाइट, छत्री आणि गरज नसताना ड्रोनसुद्धा घेतला होता. रिकाम्या माणसाला सामान फार लागतं.

रूथबेन ओट्यावर बसल्या होत्या. मूळच्या व्याराकडच्या, गुजराती. साडीवर पुरुषी स्वेटर. अंगात काही उरलं नव्हतं, फक्त हात मोठे. मी लाइट लावले आणि सवयीने सुरू झालो. "मावशी, आधी खाली बघा. हां. आता हळूहळू वर. अजून हळू. थोडं स्माईल."

रूथबेनने हळूहळू वर बघितलं आणि सिस्टरांना विचारलं, "आ भाई मने परणावे छे के शुं?" हा मला नवरी करतो की काय.

सिस्टर तोंडाला पदर लावून हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मी मान खाली घालून फोकस बघत राहिलो. या बाबतीत माझा लौकिक आधीच बरा नव्हता. एकदा दोन लग्नाच्या वाड्या, म्हणजे आपली कार्यालयं, शेजारी शेजारी होत्या आणि मी भलत्याच नवरदेवाची वरात घोड्यावरून उतरेपर्यंत मन लावून शूट केली होती. आमचा नवरदेव रुसला. त्या दुसऱ्याने मात्र अजून आठवण ठेवलीय.

रूथबेन बोलायला लागल्या तशी मी स्माईल मागायचं बंद केलं. खोलीत एक स्टोव्ह होता, त्यावर पाणी उकळायचं. पाळी सुटली की माणसं रांगेत बसायची, डोक्यात, भुवयांत, कानांत सुताची पांढरी लव. जखमेतही तीच. आधी चिमट्याने एकेक तंतू काढायचा, मग औषध. "घाई करी तो अंदर रही जाय," त्या म्हणाल्या. अहिराणी त्या माणसांकडूनच शिकल्या, पण एका खोलीपुरती. 'दुखस का', 'बोट हालाव', 'उगा ऱ्हाय'. जेवलास का, हे त्यांना अहिराणीत विचारता येत नव्हतं. मी विचारलं, "मग खोली बंद कोणी केली?"

त्यांनी खूप विचार केला. "कोई ए नथी करी. मारी बदली थई. पछी कोईए सामान मूक्यो. पछी ताळुं."

बंद कोणीच केली नव्हती. बदली झाली, सामान ठेवलं, कुलूप लागलं. मला आमच्या गावच्या घराची आठवण आली, पण तो विषय निराळा.

बोलून झाल्यावर सिस्टर म्हणाल्या, बांधून दाखव. रूथबेनने माझाच डावा हात ओढला आणि पट्टी बांधायला घेतली. मी उजव्या हाताने शूट करत राहिलो. लग्नात आम्ही नवरीच्या मेंदीचे हात जवळून, संथ, दागिन्यासारखे घेतो. दुसरं काही येत नसल्यामुळे मी तेच केलं.

घरी आल्यावर मिक्सिंगला बसलो. आमच्या धंद्यात एक तयार साचा असतो. फोटो आणि व्हिडिओ त्यात टाकले की सनई आपोआप वाजते, कोपऱ्यांतून गुलाबाच्या पाकळ्या पडतात, आणि नाव सोनेरी अक्षरांत गोल फिरत येतं. मला वाटलं, जरा शोभा येईल. रूथबेन जखमेतला तंतू काढायचं सांगतायत आणि त्यांच्या डोक्यावर पाकळ्यांचा सडा. स्टोव्हचं वर्णन सुरू झालं की सनई चढते. शेवटी 'रूथबेन' सोन्याने लिहून गरगर फिरलं.

सिस्टरांनी पाहिलं. शेवटपर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "नावाआधी काय घालायचं राहिलं? चि. सौ. कां.?"

मी दुसरं केलं. साधं, फक्त बाई आणि तिचा आवाज. आणि वॉर्ड ऑफिसात साहेबांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून, मोठ्या आत्मविश्वासाने, पहिलंच लावलं.

सनई ऐकून शिपाई आत आला. शेजारच्या टेबलावरच्या दोन बाया आल्या. कोणाचं लग्न, कोणाचं लग्न, असं झालं. मी बंद करायला गेलो तर घाबरून आवाज वाढवला. सिस्टर खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काहीच नव्हतं, भिंत होती. पण पाकळ्या पडत राहिल्या आणि हात आले. मोठे, सुरकुतलेले, एका बावळट हाताला पट्टी बांधणारे. ऑफिसात हसणं थांबलं. कोणी रडलं वगैरे नाही, सरकारी ऑफिस होतं. फक्त शिपाई म्हणाला, "बाई पक्की आहे." साहेबांनी मान हलवली.

"सोय होती, मान्य," ते म्हणाले. "संध्याकाळची खोली उघडायचं मी बघतो. माझ्या हातात आहे तेवढं. पण अर्ज नवीन सुविधा म्हणून करा."

"नवीन कशी? आत्ताच तर बघितलं."

"बेन, समजून घ्या. नवीन म्हटलं की उद्घाटन करता येतं, लोक खूश होतात. जुनी पुन्हा सुरू केली म्हटलं की बंद कोणी केली ते विचारतात. मग फाईल फिरते. नामदेवसारखे किती तोवर थांबतील ते तुम्हीच सांगा."

साहेब दुष्ट नव्हता. तेच अवघड होतं.

परतताना रिक्षा केली. मी एकदोन विनोद करून पाहिले, सिस्टरांनी रिक्षावाल्याला माझ्याकडे लक्ष देऊ नको म्हणून सांगितलं. पोंकाच्या गाडीपाशी उतरलो. पुडा हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या, खात नव्हत्या. सगळं आयुष्य एकच काम केलं होतं, पुसलेलं पुन्हा लिहायचं. आता स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं होतं की इथे आधी कोणी नव्हतं. नाही दिलं तर खोली उघडणार नव्हती.

"रूथबेनला विचारू," मी म्हटलं. त्या दिवसातली माझी ही एकच गोष्ट बरी झाली.

फोन लावला. सिस्टरांनी सगळं सांगितलं, नवीन-जुनं, उद्घाटन, बोर्ड. पलीकडून रूथबेनने एवढंच विचारलं, "साते दरवाजो खुलशे ने?"

"खुलशे."

"तो पछी तुं रडे छे केम?"

सिस्टर रडत नव्हत्या. आवाज तसा आला असेल. त्यांनी अर्ज दिला.

उत्तरायण झालं, लग्नं सुरू झाली, आणि एका संध्याकाळी खोली उघडली. उद्घाटनाचं शूटिंग मला फुकटात करायला लागलं. लाल फीत, साहेब, त्यांच्यावरचे साहेब, हारांची परात. चलथाणहून रूथबेनला भाचा घेऊन आला होता. कोणीतरी त्यांना मागच्या खुर्चीवर बसवलं होतं. आणि इथे माझी जीभ माझ्या ताब्यात राहिली नाही. लग्नाच्या मांडवात फोटोवाला ज्या थाटात मामांना, आत्यांना, आमदारांनासुद्धा हाकतो, त्याच थाटात मी ओरडलो, "ओ साहेब, तुम्ही जरा डावीकडे. तुम्ही मागे. घरातलं सगळ्यात मोठं माणूस मध्ये घ्या! मावशी, या इकडे. कात्री त्यांच्याकडे द्या."

आणि सगळे सरकले. फोटोवाल्याचं ऐकायचं असतं, ही सवय साहेबांनाही होती. कात्री रूथबेनच्या हातात. फीत कापली. टाळ्या वाजल्या. रूथबेनने खाली पडायच्या आत फितीचं टोक धरलं आणि साहेब बोलत होते तेवढ्या वेळात ती सगळी फीत बोटांवर घट्ट गुंडाळून तिची नीट गुंडाळी करून ठेवली. सवयीने. दारावर बोर्ड होता, 'नवीन सुविधा'. खाली साहेबांची नावं होती. सिस्टरांनी तो वाचला आणि दुसरीकडे बघितलं.

रूथबेन पुढचा कमुरता यायच्या आत गेल्या. चलथाणच्या त्या घरी आम्ही जाऊन आलो. सिस्टरांनी त्यांचं नाव, गाव, आईचं नाव, कुठे कुठे नोकरी केली, सगळं आधीच उतरवून घेतलं होतं, त्यामुळे तिथे विचारायला काही राहिलं नव्हतं. त्या नुसत्या बसल्या. बिनकामाच्या बसलेल्या सिस्टर बघणं मला सोसलं नाही, म्हणून मी बाहेर जाऊन ऊस खाल्ला.

आता एक गोष्ट मला खूप नंतर कळली. सुरेखाने तो पाकळ्यांचा व्हिडिओ तिच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. कारण विचारलं तर म्हणाली, "तुम्ही केलेलं काहीतरी कोणी बघावं म्हणून." तिथून तो उधन्याच्या गल्लीगल्लीत गेला. लोक हसले, खूप हसले. खात्यावर पोरं एकमेकांना दाखवायची, "बघ, रूथबेननं लगीन." साधा, शहाणा, माझ्या मेहनतीचा व्हिडिओ कोणीही बघितला नाही. सनईवाला मात्र सगळ्यांनी पाहिला.

यंदा उत्तरायणाच्या दुसऱ्या दिवशी, ज्याला इथे वासी उत्तरायण म्हणतात, मी गच्चीवर गेलो. या वयात जाऊ नये. पतंग शेजाऱ्याचा कापायला गेलो, कापलं माझं बोट. सुरेखा म्हणाली, "जा, आता तुमच्याच खोलीत जाऊन या." सातच्या सुमाराला गेलो. दिवे लागलेले, खात्यांवरून सुटलेली माणसं ओळीत बसलेली, डोक्यांवर ती पांढरी लव. सिस्टर दाराशी उभ्या होत्या. संध्याकाळी एक चक्कर असतेच त्यांची. आत खुर्चीवर नवीन मुलगी, मान खाली घालून एकाच्या तळव्यातला तंतू काढत होती.

"रूथबेन, जरा धीरे," तो माणूस म्हणाला.

"मेरा नाम पूजा है," ती म्हणाली. "कितनी बार बोलूं?"

मागचा हसला. "इथे जो बसतो तो रूथबेन. आमच्याकडे म्हणतातच तसं, जा, रूथबेनकडे जाऊन ये."

मी सिस्टरांकडे बघितलं. मला वाटलं, आता यांचे डोळे भरणार. बोर्डावर नाव नाही, पण उधन्याच्या तोंडात आहे. आणि तेही कोणामुळे, तर माझ्या पाकळ्यांमुळे. मी थोडा ताठ उभा राहिलो, श्रेय आलं तर घ्यावं म्हणून. सिस्टरांनी दाराच्या चौकटीला हात लावला. बराच वेळ लावून ठेवला.

मग त्या आत शिरल्या.

"ए, इकडे बघा सगळे! रूथबेन आधी होती. आधी. तिने तुमच्या बापांचे हात बांधले. ही रूथबेन नाही. हिचं नाव काय?"

रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"तुमचा हात जिच्या हातात आहे तिचं नाव विचारी ऱ्हायनू मी!"

"पूजा," पहिला माणूस हळूच म्हणाला.

"आडनाव?"

त्याने घाबरून मुलीकडे बघितलं. मुलगी हसायला लागली होती. "वसावा," ती म्हणाली.

"पूजा वसावा," सिस्टर म्हणाल्या. "पुढे. नाव घेतल्याशिवाय कोणी हात पुढे करायचा नाही."

रांग सरकत गेली. एकेक जण नाव घेऊन बसत होता, काही लाजत, काही उखाण्यासारखं. माझी पाळी आली. मी बोट पुढे केलं आणि कमुरता संपल्यावरही माझी अशी वेळ का यावी याचा खुलासा द्यायला सुरुवात केली.

"पहले नाम," पूजा वसावा म्हणाली.

मी माझं सांगितलं. पूर्ण, वडिलांसकट.

"अपना नहीं," ती म्हणाली, "मेरा."